पिवळ्या पट्ट्या

१९९५ सालच्या फेब्रुवारीत मी आयुष्यात पहिल्यांदा दारू विकत घेतली. माझं वय तेव्हा सत्तावन्न. तरुणपणी मॉस्कोत शिकायला होते तेव्हाही जे केलं नव्हतं, ते उरल पर्वतापलीकडच्या एका गावात, घोट्यापर्यंत बर्फात उभी राहून केलं.

दुकान म्हणजे पत्र्याची टपरी. काचेला ताटलीएवढं भोक. आतल्या बाईनं माझी टिकली पाहिली, ओव्हरकोटाखाली लोंबणारा साडीचा काठ पाहिला आणि रशियनमध्ये विचारलं, "काय पाहिजे, आजीबाई?"

"व्होडका. दोन बाटल्या."

"दोन? लग्न आहे की मयत?"

"दवाखान्यासाठी हवी आहे."

"सगळे तेच सांगतात," ती म्हणाली आणि बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळून दिल्या.

मी खरं तेच सांगितलं होतं. जवळच्याच दवाखान्यात सांगलीची त्रिशला मगदूम दोन महिन्यांपासून खाटेवर होती. तिच्या दोन्ही पायांची गुडघ्याखालची हाडं डॉक्टरांनी मुद्दाम, हिशेबानं मोडली होती. प्रत्येक पायाभोवती लोखंडी कडी बसवलेली, आणि कड्यांतून कातडी, मांस, हाड असं सगळं छेदून आरपार गेलेल्या तारा. दिवसातून चार वेळा कड्यांवरचे नट पाना लावून किंचित फिरवायचे. मोडलेल्या हाडाची टोकं त्यानं केसाएवढी दूर सरत, आणि मधल्या फटीत नवं हाड धरत जाई. अशानं माणूस उंच होतो.

तार जिथं कातडीत शिरते तिथं जखम कायम उघडी राहते. तिथं गॉझचा तुकडा बांधून तो रोज स्पिरिटनं भिजवावा लागतो. त्या वर्षी रशियात कशाचाच पत्ता नव्हता. पगार नव्हते, औषधं नव्हती, दवाखान्यातलं स्पिरिटही संपलं होतं. मुख्य नर्स झोया इवानोव्ना, जाडजूड, सोन्याच्या दातांची बाई, मला म्हणाली होती, "व्होडका आणा. तेच ते. पट्टी आम्ही आठवड्यातून एकदा बदलू. रोज भिजवायचं काम घरच्यांचं."

घरचं माणूस म्हणजे त्रिशलाचे वडील, बाबगोंडा मगदूम. सगळे त्यांना अण्णा म्हणत. सव्वासहा फूट उंच, पांढरं धोतर, त्यावर सांगलीहून शिवून आणलेला लांब काळा कोट. सांगलीच्या बाजारात त्यांची हळदीची पेढी होती. मी बाटल्या कागदातून काढल्या तसे ते खुर्ची मागे सरकवून उठले.

"तिथं खिडकीत ठेवा, बाई. मी हात लावत नाही बघा."

"अहो, प्यायची नाहीये. स्पिरिट नाही म्हणून ही."

"कळलं मला. पण मुनिमहाराजांपुढं व्रत घेतलंय. मद्य नाही, मांस नाही, मध नाही."

"मग दुपारी येऊन मी भिजवत जाईन."

"तुम्ही कशाला? सकाळपासून तुमचं दुभाष्याचं काम. दुपारी पडा जरा. लेक माझी आहे, मी बघतो."

त्रिशला उशीला टेकून हसली. "अण्णा, चिमट्यानं धरणार की काय बाटली?"

"ते माझं मी बघतो म्हटलं ना."

खिडकीत झोयानं कुंडीत लावलेला जिरेनियम होता, लाल फुलांचा. बाहेर सगळं पांढरंफटक, त्यात तेवढाच रंग. त्याच्या शेजारी मी बाटल्या ठेवल्या.

या दोघांची माझी ओळख आदल्या उन्हाळ्यातली. पुण्यात मी तीस वर्षं रशियन शिकवली. सोव्हिएत संघ मोडला आणि वर्गात पोरं येईनाशी झाली. संध्याकाळी बाल्कनीत बसून शेवग्याच्या शेंगा सोलायच्या, एवढंच उरलं होतं. अशात एके दिवशी कुणाची तरी चिठ्ठी घेऊन अण्णा आले. दारात वाकून आत आले. माझ्या ब्लॉकचं दार त्यांना पुरत नव्हतं. मागून मुलगी आली. ती सरळ आली. चार फूट नऊ इंच. चेहरा रेखीव, डोळे मोठे आणि मिस्कील.

अण्णांनी वर्तमानपत्राचं कात्रण काढलं. रशियात हाडं लांबवतात. अपघातात पाय आखूड झालेल्यांसाठीचं तंत्र, पण हल्ली उंचीसाठीही करतात.

"आमच्या समाजात मुलं उंच असतात, बाई. पाच फुटांच्या आतली म्हटली की बघायलाच येत नाहीत. सहा ठिकाणी पत्रिका गेली. एका ठिकाणचे सरळ म्हणाले, मुलगी गुणाची आहे, पण फोटोत दिसणार नाही." त्यांनी कात्रणाची घडी घातली. "मला एकच आहे ही."

बोलताना त्यांची नजर मुलीच्या डोक्यावरून पलीकडे माझ्या पुस्तकांच्या कपाटावर होती.

मी त्रिशलाला विचारलं, "तुला हवंय हे?"

"बी.एस्सी. झाले, बाई. सांगलीत शाळेत नोकरी लागतेय. मला फळ्याच्या वरच्या भागावर लिहिता येत नाही एवढीच अडचण आहे." मग वडिलांकडे न बघता म्हणाली, "अण्णांना हवंय, म्हणजे मलाही हवंय."

तिची आई दम्याची, थंडीत जाणं शक्य नव्हतं. गावात सांगितलं, मुलगी पुढं शिकायला पुण्याला गेली. आणि आम्ही तिघं निघालो.

तिथल्या डॉक्टरांनी पहिल्या दिवशी तिला चालायला लावलं, पाय वाकवून पाहिले आणि मला म्हणाले, "विचारा, काय दुखतं?"

"काही नाही," त्रिशला म्हणाली.

"चालताना?"

"काही नाही."

"मग मी दुरुस्त काय करू?"

मी ते जसंच्या तसं मराठीत सांगितलं. अण्णा म्हणाले, "सांगा त्यांना, पाच फूट."

"मी मुलीला विचारतोय," डॉक्टर म्हणाले.

"हो म्हणा, बाई," त्रिशला मला म्हणाली.

"मला माझ्या मनानं काही सांगता येत नाही. तुझं उत्तर सांग, मी सांगते."

तिनं स्वतःच्या पायांकडे पाहिलं. चांगले पाय होते. सरळ, घोट्याशी बारीक. "माझं उत्तर हो," ती म्हणाली.

शेजारच्या खाटेवर ल्यूबा होती. लहानपणी पोलिओ झालेली, एक पाय आखूड. कारखान्यात कामाला होती, तो बंद पडला तेव्हा कुठं पायासाठी वेळ मिळाला म्हणायची. शस्त्रक्रियेनंतर त्रिशला कण्हत होती तेव्हा ल्यूबा मला म्हणाली, "हिला सांग, मला देवानं लंगडं केलं. हिनं पैसे देऊन करून घेतलं. इंडियात सगळे इतके श्रीमंत असतात का?"

हे मी भाषांतर करणार नव्हते, पण त्रिशलानं हट्ट धरला. ऐकल्यावर वेदनेनं दात आवळलेले असतानाही तिला हसू आलं. "तिला सांगा, अण्णा पोत्यात लोखंडी परखी खुपसून हळदीचा नमुना बघतात. तशी मी आता पोतं झालेय. माल चांगला निघाला तर बाजारात जाईन."

त्या दिवसापासून दोघींची गट्टी जमली. भाषा नव्हती, तरी जमली.

अण्णांचं मात्र कुणाशी बोलणं होत नसे. ते सकाळी न्हाऊन येत, णमोकार म्हणत, स्पिरिटच्या चुलीवर मुगाची खिचडी करत. स्पिरिट गेलं तशी चूलही गेली, मग झोयाच्या खोलीतल्या विजेच्या शेगडीवर. सूर्यास्तानंतर ते जेवत नसत, आणि तिथं हिवाळ्यात सूर्य चहाच्या वेळेलाच मावळे. झोयाला वाटे, म्हाताऱ्याला पोटाचा आजार आहे. ती त्यांच्यासाठी बटाट्याचं सूप राखून ठेवी. ते हात जोडत. कंदमूळ ते खात नाहीत, हे मी तिला कसं सांगणार, त्या उपासमारीच्या वर्षात? मी म्हणे, डॉक्टरांनी मना केलंय.

त्यांना एकच गोष्ट तिथं आवडली. जखमा धुवायला त्या दवाखान्यात एक पिवळंधमक औषध वापरत. पाण्यात कालवलं की बादली सोन्यासारखी दिसे. पट्ट्या बदलायच्या दिवशी सगळ्या वॉर्डातल्या पट्ट्या त्यानं पिवळ्या होत.

"बघितलं का, बाई?" अण्णा म्हणाले. "आपलीच हळद. यांनी नाव बदललं एवढंच."

"अण्णा, ते रसायन आहे. हळद नव्हे."

"रंग बघा की. चाळीस वर्षं हळद हातात खेळवलीय मी. आमच्याकडं बैलाला जू घासून खांद आली तरी हळद, बाळंतिणीला हळद, नांगराचा फाळ पायात गेला तरी हळद. कुणाचा पाय गेला नाही. अन् लग्नात पहिली कुणाला लागती? नवरीला." मुलीकडे बघून म्हणाले, "हिची हळद मी वेगळी काढून ठेवलीय. राजापुरी. हातानं निवडून."

"इथं आणलीत?" मी विचारलं.

"खिचडीत काय घालतोय मग?"

खोलीत हळदीचा वास येई. परक्या देशात, फिनेलच्या आणि ओल्या लोकरीच्या वासात, मला तो बरा वाटे. घरी आल्यासारखं.

फेब्रुवारी संपत आला. अण्णा सांगत तेव्हा मी टपरीवर जाऊन बाटल्या आणत होते. ती बाई आता मला ओळखू लागली होती. "दवाखाना फार पितो तुमचा," म्हणायची. नट फिरत होते. त्रिशला दोन इंचांहून वर वाढली होती. कुबड्यांवर उभी राहिली की ल्यूबा टाळ्या वाजवी. एकदा अण्णा तिच्याजवळ उभे राहिले आणि तळहात आडवा धरून तिच्या डोक्यापासून स्वतःच्या छातीपर्यंत नेला. पूर्वी तो कुठं यायचा ते त्यांनाच माहीत. समाधानानं मान हलवली.

त्याच सुमाराला झोयाचा जिरेनियम वाळला. आधी पानं तांबडी झाली, मग देठ मऊ पडले. झोयानं अण्णांना दम भरला. "सांगा यांना, खिडकी उघडत जाऊ नका. थंडीनं मेला."

मी सांगितलं. अण्णा खिचडीचं पातेलं घासू लागले.

मार्चच्या सुरुवातीला त्रिशलाला ताप आला. झोया म्हणाली, फ्लू असेल, सगळ्या गावात आहे. दोन दिवसांनी ताप चढला. तिसऱ्या दिवशी सकाळी मी गेले तर ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. उजवा पाय पांघरुणाबाहेर होता. पावलाची बोटं चकचकीत दिसत होती, फुगल्यासारखी.

"दुखतंय?"

"नेहमीचंच."

"त्रिशला, माझ्याकडे बघून सांग."

ती वळली नाही. मी झोयाला हाक मारली. पट्टी बदलायचा दिवस नव्हता, तरी तिनं कात्री घेतली आणि तारेभोवतीचा गॉझ कापला. पिवळा. दुसरा कापला. तोही पिवळा. तिनं बोटानं चोळून पाहिलं. बोट तेलकट झालं. नाकाशी नेलं. मग बोट माझ्यापुढे धरलं.

"हे काय आहे? आमच्या औषधाला चिकटपणा नसतो."

मला वास घ्यावा लागला नाही. ते तूप होतं, आणि तुपात कालवलेली हळद.

झोयानं तारेजवळ दाबलं. जे बाहेर आलं ते आणि हळद यांचा रंग इतका एक होता की कुठं एक संपतं आणि दुसरं सुरू होतं ते कळत नव्हतं. वास मात्र वेगळा होता. ल्यूबानं तोंड फिरवलं.

अण्णा खिचडीचं पातेलं घेऊन दारात उभे होते.

"अण्णा," मी म्हटलं, "बाटल्यांचं काय केलंत?"

"कसल्या बाटल्या?"

"मी आणत होते त्या. रिकाम्या तर होत होत्या."

त्यांनी पातेलं खाली ठेवलं. कोटाच्या टोकानं हात पुसले. "ओतून टाकत होतो."

"कुठं?"

त्यांनी खिडकीकडे पाहिलं. मी कुंडीजवळ जाऊन वाकले. मातीतून व्होडकेचा भपकारा आला.

"रोज दुपारी पडदा ओढून बसायचे," ल्यूबा रशियनमध्ये म्हणाली. "आम्हाला वाटलं, देवाचं काहीतरी असेल. म्हणून कुणी बघितलं नाही."

"दारू काढताना ती कुजवतात, बाई," अण्णा म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, समजावल्यासारखा होता. "एका थेंबात अनंत जीव मेलेले असतात. मेलेले जीव लेकीच्या उघड्या जखमेवर ओतू? माझ्या हातानं? त्यापेक्षा आपलं औषध काय वाईट? तूप घरचं हाय. हळद मी निवडून आणली. पट्ट्या तर यांच्यासुद्धा पिवळ्याच."

झोया विचारत होती, काय म्हणतात, काय म्हणतात. मी तिला सगळं सांगितलं. व्रताचं, जीवांचं, हळदीचं. ती ऐकून घेत होती आणि तिचे हात गॉझ कापत होते. सगळं झाल्यावर एवढंच म्हणाली, "तुपानं भोकं बुजली. आतलं आतच राहिलं. गॉझ नव्हता म्हणून गेले काही आठवडे मी पट्ट्या बदलल्या नाहीत, आणि वरून सगळं पिवळं दिसत होतं, मला वाटलं रात्रपाळीची मुलगी धुतेय." मग कुंडीकडे हात करून म्हणाली, "त्यांना सांगा, माझं फूलही त्यांनीच मारलं."

माझं काम सांगायचं होतं. "अण्णा, ती म्हणते, तिचं झाड तुम्ही मारलंत."

झाडाचं पान तोडणंही पाप मानणारा माणूस. त्यांनी वळून त्या वाळक्या देठांपुढं हात जोडले. ओठ हलले. क्षमा मागत होते. मग तसेच हात जोडलेले असताना त्यांची नजर खाटेकडे गेली, आणि हात सुटले.

त्रिशलाला त्याच दुपारी शस्त्रक्रियेच्या खोलीत नेलं. डाव्या पायाचं फारसं बिघडलं नव्हतं, तारा बदलून भागलं. उजव्यात पू हाडापर्यंत गेला होता. जिथं नवं हाड धरत होतं तिथंच. डॉक्टरांनी ते काढलं, त्याच्या शेजारचं जुनंही काढलं, आणि उरलेली टोकं जवळ आणून बसवली. बाहेर आले तेव्हा टोपी काढून भिंतीला टेकले.

"पाय राहील," ते म्हणाले. "हे आधी सांगा. पाय राहील."

मी सांगितलं.

"उजवा आधीपेक्षाही आखूड झाला. डावा लांब झालेला आहे. त्या दोन्हींत आता जवळजवळ चार बोटांचा फरक असेल. हाड निरोगी झालं की वर्षा-दोन वर्षांनी उजवा पुन्हा लांबवता येईल. याच पद्धतीनं."

तेही सांगितलं. अण्णा उभे होते. तिथल्या व्हरांड्याचं छत उंच होतं, तरी ते वाकलेले दिसत होते.

"बाई, त्यांना विचारा. हळदीनंच झालं का?"

मी विचारलं. डॉक्टरांनी माझ्याकडून अण्णांकडे पाहिलं. त्यांना कळलं असावं की उत्तरावर काहीतरी अडलेलं आहे.

"तारांच्या जखमा सगळं नीट करूनही बिघडतात. कदाचित हिचीही बिघडलीच असती. पण ती लाल झालेली आम्हाला दिसली असती. आठवड्यात दिसली असती. तेव्हा चार गोळ्यांत भागलं असतं."

पहिलं वाक्य सांगून थांबता आलं असतं. अण्णांचे डोळे माझ्या तोंडाकडे होते. मी शेवटपर्यंत सांगितलं. जे बोललं जाईल ते पोचवायचं, एवढ्यासाठीच त्यांनी मला बरोबर आणलं होतं.

"चार गोळ्या," अण्णा म्हणाले.

त्या दिवसापासून ते एक वेळ जेवू लागले. खिचडी केली तरी पिवळी नसे. हळदीचा डबा खोलीतून नाहीसा झाला. कुठं टाकला, मी विचारलं नाही. टपरीवरून व्होडका आता तेच आणत. त्या बाईपुढं बोटं दाखवून मागत. पहिली बाटली त्यांनी उघडी छातीशी धरून आणली, वर्तमानपत्रसुद्धा गुंडाळलं नव्हतं. तिथल्या रस्त्यावर कुणाला त्याचं काही वाटलं नाही. रात्री माझ्या खोलीबाहेरच्या बेसिनवर ते किती वेळ हात धूत होते.

पण गॉझ भिजवायचं काम झोयानं त्यांना पुन्हा दिलं नाही.

जून उजाडला. आता दिवस मावळेचना. रात्री दहालाही उजेड. अण्णा तरीही पाचला जेवून घेत. झोयानं विचारलं, सूर्य तर आहे अजून? ते म्हणाले, "सांगा तिला, माझं पोट सांगलीचं आहे." त्या सहा-सात महिन्यांत त्यांनी केलेली ती एकच थट्टा.

तारा निघाल्या. ल्यूबा आधीच घरी गेली होती, दोन्ही पायांवर सरळ चालत. जाताना त्रिशलाच्या गळ्यात पडून रडली आणि आपला मफलर ठेवून गेली. निघायच्या आदल्या संध्याकाळी त्रिशला आणि मी दवाखान्यामागच्या बर्च झाडांखाली बाकावर बसलो होतो. तिच्या उजव्या बुटाला लाकडी ठोकळा ठोकला होता, तात्पुरता. तो ती गवतावर आपटत होती.

"अण्णा सामान बांधतायत," ती म्हणाली. "माझे जुने बूट घ्यायचे की टाकायचे, तीनदा विचारून गेले."

"तू काय सांगितलंस?"

"डावा आता मला होतो. उजवाही होतो. दोन्ही एकदम घालून चालता येत नाही."

मी हसले नाही. तीही हसली नाही.

"एक विचारू?" मी म्हटलं. "तू सायन्स शिकलेली. ते तूप-हळद लावत होते तेव्हा तुला कळत होतं."

"पहिल्याच दिवशी कळलं."

"मग झोयाला नाही, मला तरी सांगायचंस. निदान ताप आला तेव्हा."

तिनं ठोकळा आपटणं थांबवलं.

"अण्णा किती उंच आहेत, बघितलंत ना. लहानपणापासून माझ्याशी बोलले तर माझ्या डोक्यावरून बोलतात. मुद्दाम नाही. त्यांची नजरच तिथून जाते. सहाव्या स्थळाचा नकार आला त्या दिवशी मला म्हणाले, जाऊ दे गं, आणि बघत होते दाराच्या चौकटीकडं." तिनं बुटाचा ठोकळा गवतात रोवला. "इथं दुपारी पडदा ओढायचे. खाली पायपुसण्यावर बसायचे, भुईला. माझा पाय मांडीवर घ्यायचे. एकेका तारेला बोटानं लावायचे, आणि प्रत्येक वेळी वर बघून विचारायचे, झोंबतंय का गं? वर बघून, बाई. माझ्या तोंडाकडं."

बर्चची पानं सळसळली. लांबून कुणीतरी गाडी सुरू करायचा प्रयत्न करत होतं.

"झोंबायचं?"

"पुढं पुढं आग व्हायची. मी म्हणायचे, नाही. अजून थोडं लावा."

इतकंच ती बोलली. मग कुबड्या मागितल्या आणि आम्ही आत गेलो.

या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली. मी ऐंशीच्या पुष्कळ पुढं आले आहे, तरी त्या टपरीवालीचा आवाजसुद्धा कानात आहे. ल्यूबाची नव्या वर्षाची कार्डं काही वर्षं येत होती. तिनं लग्न केलं, मुलगा झाला, मग कार्डं थांबली. झोया निवृत्त होऊन मुलीकडे गेली, असं तिच्याच शेवटच्या कार्डात होतं. डॉक्टरांनी पुढच्या शस्त्रक्रियेसाठी दोनदा पत्र पाठवलं. मी मराठी करून सांगलीला कळवलं. त्रिशलानं दोन्ही वेळा आभार मानून नाही कळवलं.

तिचं लग्न झालं नाही. ती शाळेत लागली, पुढं मुख्याध्यापिका झाली. फळ्याच्या वरच्या भागावर लिहायला तिनं वर्गातली उंच पोरं नेमली होती. आई लवकर गेली. अण्णांनी पेढी पुतण्याच्या हाती दिली आणि पुन्हा बाजारात पाऊल ठेवलं नाही. घरात आमटीत हळद पडायची ती पडतच राहिली; ती कुणाला चुकत नाही.

दर वर्षी ते मला बोलावणं पाठवत. मी एकदाच गेले. दुपारची वेळ होती. आम्ही सोप्यात बोलत बसलो होतो. अण्णा ऐंशीला टेकले होते, तरी उठून उभे राहिले की माणूस दबकेल असे. बाहेर फाटक वाजलं, आणि पाठोपाठ फरशीवर तो आवाज आला, एक हलकं पाऊल, एक जड. अण्णा बोलता बोलता थांबले. भिंतीला धरून, गुडघ्यांवर हात रेटत, हळूहळू खाली बसले. भुईला.

त्रिशला आत आली, मला पाहून हसली आणि दाराजवळच्या खुर्चीत बसली. अण्णांनी तिचा उजवा पाय मांडीवर ओढला. जाड तळाचा तो बूट; त्याच्या नाड्या सोडायला त्यांच्या म्हाताऱ्या बोटांना वेळ लागत होता. ती घाई करत नव्हती. बूट निघाला तेव्हा त्यांनी मान वर केली.

"दुखतंय का गं?"

"थोडं," ती म्हणाली. "नेहमीचं."

त्यांनी पाऊल दोन्ही हातांत धरून ठेवलं. मी उठून स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेले.

अण्णा गेले त्याला बारा वर्षं झाली. त्रिशलाचा फोन अजून येतो, दर दिवाळीला. बूट आता ती स्वतःच काढते. खाली वाकता येत नाही, म्हणून लोखंडी आकडा करून घेतला आहे, त्यानं.